सिग्नलच्या दिव्याची झापड

सिग्नलचा दिवा लांबून दिसावा म्हणून अभियंत्यांनी जितकी खटपट केली, जवळजवळ तितकीच तो भलत्याला दिसू नये म्हणूनही त्यांना करावी लागली. नाशिक जिल्ह्यात या खटपटीची सुरुवात लोहमार्गावर झाली. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील, सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला, १८७८ मध्ये मनमाडहून दौंडकडे फाटा निघाला आणि १९०० च्या सुमारास हैदराबादकडून येणारा मीटरगेज मार्गही मनमाडलाच येऊन मिळाला. अशा जंक्शनात शेजारच्या रुळाचा सिग्नल आपला समजून एखाद्या चालकाने गाडी हाकली, तर परिणाम काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

त्या काळचा सिग्नल म्हणजे खांबावरची हलती पट्टी. आडवी असली की थांबायचे, खाली झुकली की निघायचे. रात्री तिला जोडलेल्या रंगीत काचा रॉकेलच्या दिव्यापुढे सरकत आणि भिंग तो क्षीण प्रकाश गोळा करून येणाऱ्या गाडीच्या दिशेने फेकत असे. दिव्याच्या पाठीला एक लहानसे छिद्र ठेवलेले असे, ज्यातून पट्टी आडवी असेपर्यंत स्टेशनमास्तरला पांढरा ठिपका दिसे आणि पट्टी झुकताच एक पत्रा पुढे येऊन तो झाकून टाकी. एकाच ज्योतीने चालकाला आणि मास्तरला दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या आणि त्यांची गल्लत होऊ द्यायची नाही, ही या साध्या पत्र्याची करामत आजच्या कितीतरी महागड्या यंत्रणांपेक्षा सरस म्हणावी लागेल.

मुंबईत बोरीबंदर ते भायखळा या टप्प्यावर १९२८ मध्ये भारतातील पहिले स्वयंचलित रंगीत प्रकाशाचे सिग्नल बसले. पुढे रूढ झालेल्या अशा सिग्नलात आत रंगीत आणि बाहेर स्वच्छ अशी दोन भिंगे असून ती जेमतेम ३३ वॉटच्या दिव्याचा प्रकाश अरुंद झोतात बांधतात, शिवाय वर छज्ज्यासारखा पत्रा असतो. हा झोत सरळ मार्गावर उत्तम चालतो. वळणावर मात्र गाडी त्याच्या बाहेर पडते, म्हणून तेथे प्रकाश एका अंगाला मुद्दाम पसरवणारे भिंग घालावे लागते.

रस्त्यावरचा पहिला सिग्नलही रेल्वेच्याच माणसाचा. जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याने डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या संसदेजवळ उभारलेला हा गॅसचा दिवा महिन्याभरातच फुटला आणि तेथील पोलीस भाजला. भारतीय रस्ते काँग्रेसने १९८५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दिव्याचा व्यास २०० किंवा ३०० मिलिमीटर धरला आहे. दिव्यावर जी टोपी असते, ती सामान्यतः उन्हासाठीच आहे असे समजले जाते. ते निम्मेच खरे. तिरपे ऊन काचेमागील परावर्तकावर पडले की विझलेला दिवाही पेटल्यासारखा भासतो आणि नैर्ऋत्य-ईशान्य जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर हिवाळी संध्याकाळी असे ऊन नेमके सिग्नलच्या तोंडावर येते. टोपी हा भास कमी करते. पण ती लांब, नळीसारखी केली तर बाजूने पाहणाऱ्यापासून दिवा लपवतेही. टांग्याच्या घोड्याची झापड पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर असते, येथे ती दाखवणाऱ्याच्या तोंडावर आली, एवढाच फरक.

टोपीने भागेना तेव्हा दिव्यापुढे काळ्या पट्ट्यांची झडप आली, जी कोन आवळते पण उजेडही खाते. त्याहून चतुर युक्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निघाली. त्या दिव्यातील भिंग समोरच्या रस्त्याची उलटी प्रतिमा आतल्या धुरकट काचेवर पाडते; कारागीर मागून ती पाहतो, ज्या लेनला दिवा दिसायला नको तिच्या प्रतिमेवर अपारदर्शक पट्टी चिकटवतो, आणि तेवढ्याच लेनपुरता दिवा नाहीसा होतो. अट एवढीच की दिवा खांबाला घट्ट जखडलेला हवा, कारण वाऱ्याने तो हलला की झाकलेला भाग दुसऱ्याच लेनवर सरकतो.

मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे महामार्ग मिळतात त्या नाशिकच्या द्वारका चौकासारख्या जागी, जेथे मुख्य रस्ता आणि सेवारस्ता काही मीटरच्या अंतराने समांतर धावतात, हीच गरज सर्वांत ठळकपणे उभी राहते: शेजारचा हिरवा दिसला की सेवारस्त्यावरची दुचाकी निघालीच. एलईडी दिव्यांत मोठा परावर्तक नसल्याने उन्हाचा भास बराच ओसरला आहे. शेजारच्या हिरव्याचे मात्र तसे नाही; त्याला आजही टोपी, झडप किंवा पट्टीच लागते.