गुठळी आणि व्रण

१६६६ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात मार्चेल्लो माल्पिगी या डॉक्टरचं एक पुस्तक छापून आलं. विषय होता शरीरातल्या अवयवांची रचना. किडनीकडे जाणाऱ्या धमनीत त्याने काळं द्रावण सोडलं, किडनी कापली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. झाडाच्या फांद्यांना सफरचंदं लटकावीत तसे रक्तवाहिन्यांना लटकलेले बारीक गोळे त्याला दिसले. आज आपण त्यांना ग्लोमेरुलस म्हणतो. अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे हे गुंते, आणि यांच्यातूनच रक्त गाळलं जातं. एका किडनीत असे साधारण १० लाख गुंते असतात.

त्याच पुस्तकाला माल्पिगीने आणखी एक छोटा निबंध जोडला होता, प्रेताच्या हृदयात सापडणाऱ्या गुठळ्यांवर. गुठळी पाण्याने धूत राहिलं की लाल रंग निघून जातो आणि पांढऱ्या तंतूंची जाळी उरते, असं त्याने नोंदवलं. हे तंतू म्हणजे फायब्रिन.

किडनीची गाळणी आणि रक्ताची जाळी, दोन्ही एकाच माणसाने एकाच पुस्तकात नोंदवल्या. ही जाळी त्या गाळणीचं नुकसान करू शकते, हे प्रयोगाने दाखवायला मात्र जवळजवळ ३०० वर्षं लागली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बारावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. या इतिहासात शिरलो तो माझ्या मामामुळे. भातकापणीच्या दिवसांत त्याला घोणस चावली. दवाखान्यात काचेच्या नळीत त्याचं रक्त २० मिनिटं ठेवलं, ते गोठलंच नाही. प्रतिविषाचे डोस झाले, लघवी बंद झाली म्हणून डायलिसिस झालं. मामा वाचला. पण क्रिएटिनिन पूर्वीच्या आकड्यावर परत आलंच नाही. ‘किडनीत गुठळ्या झाल्या होत्या, आता तिथे व्रण आहेत,’ असं डॉक्टर म्हणाले. मामीने मला विचारलं, “अरे, रक्त गोठतच नव्हतं म्हणाले ना? मग गुठळ्या आल्या कुठून?”

प्रश्न अगदी बरोबर होता. रक्त गोठणं ही एक साखळी आहे. एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन बनवतं. घोणसाचं विष या साखळीच्या मध्येच घुसतं. फॅक्टर १० आणि फॅक्टर ५ या दोन प्रथिनांना ते थेट सुरू करतं. अंगभर बारीक जाळी विणली जाते आणि फायब्रिनोजेनचा साठा संपतो. नळीतलं रक्त गोठत नाही, कारण गोठायचा माल आधीच खर्च झालेला असतो. त्यातला काही किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतो.

विषाचा हा गुण डॉक्टरांनी कामालाही लावला होता. १९३४ मध्ये लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी पातळ केलेलं घोणसाचं विष वापरलं होतं.

पण गुठळी झाली म्हणून व्रण का व्हावा? इथे इतिहास गुंतागुंतीचा होतो.

१८२७ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने अंगावर सूज असलेल्या रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की त्यातलं प्रथिन साकळायचं. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदन केलं, तर अनेकांच्या किडन्या आक्रसलेल्या, कडक आणि खरखरीत निघायच्या. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले, तसं काही रुग्णांच्या ग्लोमेरुलसभोवती पेशींची चंद्रकोर साचलेली दिसू लागली. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रुन यांनी सुईने किडनीचा तुकडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मग जिवंत रुग्णाच्या किडनीतही पाहता येऊ लागलं. चकाकणारी प्रतिपिंडं वापरून फायब्रिन शोधलं, तर ते नेमकं या चंद्रकोरींमध्ये उजळून दिसायचं.

तरी यावरून फायब्रिन दोषी ठरत नाही. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की लॉगमध्ये एकच ओळ हजार वेळा दिसते. ती ओळ कारण आहे की परिणाम, हे लॉग वाचून कळत नाही. संशयित भाग बंद करून प्रोग्राम पुन्हा चालवावा लागतो.

किडनीच्या बाबतीत तो भाग बंद करायचा कसा? आधी हवा तेव्हा घडवता येईल असा आजार हवा होता. तो १९३० च्या दशकात जपानच्या मताझो मासुगी यांनी दिला. किडनीविरुद्धची प्रतिपिंडं एका प्राण्यात तयार करून दुसऱ्याला टोचली, की दुसऱ्याची किडनी सुजायची. १९६४ मध्ये व्हासाली आणि मॅक्लस्की यांनी सशांमध्ये हाच आजार घडवला, आणि सोबत रक्त पातळ करणारं वॉरफरिन दिलं. हेच वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं होतं. वॉरफरिन मिळालेल्या सशांमध्ये चंद्रकोरी खूप कमी झाल्या, किडनीची हानीही घटली. फायब्रिन आता फक्त साक्षीदार राहिलं नव्हतं.

दुसरा पुरावा पुन्हा सापाकडूनच आला. मलायात ॲलिस्टर रीड या डॉक्टरच्या लक्षात आलं होतं की तिथल्या एका पिट व्हायपरच्या दंशानंतर रक्त कित्येक दिवस गोठत नाही. त्या विषापासून अँक्रॉड नावाचं औषध निघालं. ते रक्तातलं फायब्रिनोजेन जवळपास संपवून टाकतं. १९७२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ते सशांना दिलं, आणि चंद्रकोरी पुन्हा रोखल्या गेल्या.

मग माणसांवर उपचार सुरू झाले. मेलबर्नच्या प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी रक्त पातळ करणारी औषधं किडनीच्या रुग्णांना देऊन पाहिली, इतरांनीही पाहिली. निकाल एकसारखे आले नाहीत आणि रक्तस्रावाची भीती कायम राहिली. सशाला औषध बहुधा इजेच्या आधीपासून मिळत होतं. माणूस डॉक्टरकडे पोहोचतो तोवर जाळी विणून झालेली असते, त्यावर व्रणाचं बांधकामही सुरू झालेलं असतं.

ते बांधकाम कसं होतं? गुडघा फुटल्यावर फायब्रिनची जाळी म्हणजे तात्पुरती परांची असते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिच्यावर चढतात, कोलॅजेन घालतात आणि नंतर प्लाझ्मिन हे प्रथिन परांची उतरवतं. त्वचेवर डाग राहिला तर बिघडत नाही. पण ग्लोमेरुलसमध्ये कोलॅजेन भरलं की ती गाळणी कायमची बंद. जन्मानंतर माणसाला नवीन गाळण्या येत नाहीत.

१९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शॉन कॉफलिन यांच्या प्रयोगशाळेला पेशींवरचा थ्रॉम्बिनचा रिसेप्टर सापडला. थ्रॉम्बिन त्याचं टोक कापतं, आणि उघडं पडलेलं नवीन टोक स्वतःच किल्लीसारखं त्याच कुलपात बसतं. म्हणजे थ्रॉम्बिन गुठळी तर बनवतंच, वर पेशींना थेट निरोपही देतं. २००० साली हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांमध्ये चंद्रकोरी कमी आढळल्या. २००१ मध्ये फायब्रिनोजेन नसलेल्या उंदरांमध्येही तेच दिसलं. २०११ मध्ये तर ग्लोमेरुलसच्या बाहेरही पुरावा मिळाला. मूत्रवाहिनी बांधलेल्या उंदरांमध्ये फायब्रिनोजेन नसेल तर किडनीतला व्रण कमी होता, कारण फायब्रिनोजेन फायब्रोब्लास्टना वाढायला लावत होतं.

एवढं सिद्ध होऊनही, झपाट्याने वाढणाऱ्या चंद्रकोरी आजारावर आज मुख्य उपचार आहेत ते प्रतिकारशक्ती दाबणारे, स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइडसारखे. रक्त पातळ करणारी औषधं त्यासाठी सरसकट देत नाहीत. गुठळीची साखळी सगळ्या शरीराला लागते. फक्त किडनीत ती थांबवणं अजून जमलेलं नाही.

घोणसाच्या बाबतीत मात्र साखळी सुरू करणारा ठाऊक आहे, आणि म्हणून वेळेला इतकी किंमत आहे. प्रतिविष लवकर मिळालं तर विषाचं काम थांबतं आणि यकृत पुन्हा फायब्रिनोजेन बनवू लागतं. पण किडनीत जे साचलंय ते प्रतिविषाने धुतलं जात नाही. मामीला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “मग आता बघत काय राहायचं?”

क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन. सर्पदंशातून वाचलेला माणूस घरी आला की गावाला वाटतं, संकट टळलं. त्याच्या किडनीत व्रण वाढत असेल तर पुढचे कित्येक महिने त्याला काहीच जाणवत नाही. ब्राइटला त्यासाठी चमचा आणि मेणबत्ती लागायची. आता एक पट्टी लघवीत बुडवली की पुरतं, आणि ती तालुक्याच्या कुठल्याही लॅबमध्ये मिळते.