‘इंटरनॅशनल’ जर्नल आणि मी लावलेली बातमी

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. परंड्यात ओळखीचे एक प्राध्यापक पासपोर्ट फोटो घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "इंटरनॅशनल जर्नलमध्ये माझा शोधनिबंध आलाय, तेवढी बातमी लावा." मी दोन कॉलम लावली. सरांचा सत्कारही झाला. काही वर्षांनी विषय निघाला म्हणून लिंक उघडली, तर वेबसाइटच गायब! पैसे भरल्यावर आठवड्यात निबंध छापून आला होता, कुणी तपासला नव्हता, हे सरांनीच हळू आवाजात सांगितलं. त्यांना काय बोलणार? मीही बातमी लावताना एक प्रश्न विचारला नव्हता. तेव्हापासून या प्रकरणाचा इतिहास वाचत आलोय. तो थोडक्यात मांडतो.

लंडनच्या रॉयल सोसायटीचं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ १६६५ साली निघालं. पुढं हळूहळू एक रीत बसली. संशोधकानं लिहायचं, त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांनी तपासायचं, मगच छापायचं.

आपल्याकडं परळच्या केईएम रुग्णालयाचं आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. जुन्या काळी लेख टाइप करून पोस्टानं पाठवायचा, तो तपासायला पोस्टानंच जायचा, शेरेही पोस्टानंच यायचे. यात महिनेच्या महिने जात. अंक ज्या ग्रंथालयात पोचेल तिथंच वाचायला मिळे. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला तो दिसणं अवघडच.

२००० च्या सुमारास हे जर्नल इंटरनेटवर आलं. वाचायला फुकट आणि छापण्यासाठी लेखकाकडूनही पैसे नाहीत. मुंबईतच डॉ. डी. के. साहू यांनी ‘मेडनो’ ही संस्था उभी केली आणि देशातली अनेक वैद्यकीय नियतकालिकं याच वाटेनं ऑनलाइन नेली. लेख पाठवणं, तपासणं, दुरुस्त करणं सगळं संगणकावर. परदेशातले डॉक्टरही इथं लेख पाठवू लागले. २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बड्या परदेशी कंपनीनं मेडनो विकत घेतली. डिजिटल साधनांनी काय चांगलं होऊ शकतं, याचा हा आपल्या महाराष्ट्रातला दाखला.

पण जे साहूंना सोपं झालं, ते ठगांनाही सोपं झालं. कागद नको, छापखाना नको, टपाल नको. एक वेबसाइट, भारदस्त इंग्रजी नाव आणि बँकेचा खाते नंबर, झालं जर्नल तयार. त्यात २०१० साली यूजीसीनं प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. छापलेल्या निबंधांवर गुण. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधीही निबंध छापलेला हवा, अशी अट होती. ती २०२२ च्या नियमांत निघाली. गिऱ्हाईक सरकारनंच तयार केलं म्हणा ना! २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एका पत्रकारानं कॅन्सरच्या औषधावरचा, मुद्दाम चुका घातलेला बनावट निबंध ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला! पाठवलेल्यांत भारतातून चालणारी बरीच होती.

हा धंदा उघडा पाडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून जास्त निकषांत बसेनात. हे २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ नावं यादीतून काढली. पुढं पुणे विद्यापीठाच्याच मदतीनं ‘यूजीसी-केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता जर्नल खरं की खोटं, हे ज्या त्या संस्थेनं ठरवायचं.

दुसरीकडं केंद्रानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आणलं. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं. चांगलंच आहे. पण सुरुवात सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांपासून झाली. आपल्याकडं तालुक्याची बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची. म्हणजे तपासायची जबाबदारी त्यांच्यावर आली, पण वाचायला दार उघडं होईलच असं नाही.

हा फक्त प्राध्यापकांच्या बढतीचा प्रश्न नाही. तुरीवर कोणती फवारणी करावी, शुगरच्या पेशंटला कोणती गोळी द्यावी, हे शेवटी अशाच निबंधांवर ठरतं. न तपासलेल्या निबंधाची किंमत शेतकरी आणि पेशंट मोजतो, आणि त्यांना ते कळतही नाही. आता तर लेख लिहून देणारी एआय साधनंही हाताशी आहेत. लिहिणं, पाठवणं, छापणं सगळं झटपट होईल. जाणकार माणसानं बसून तपासायला मात्र वेळ लागणारच.

मी आता अशी बातमी आली की तीन गोष्टी विचारतो. निबंध कुणी तपासला? तपासनिसांचे शेरे दाखवता का? छापायला पैसे किती दिले? एक-दोघे रागावले. एक तरुण प्राध्यापिका मात्र तपासनिसांच्या शेऱ्यांची चार पानं घेऊनच आल्या. निबंध दोनदा परत आला होता म्हणाल्या.

त्यांची बातमी मी तीन कॉलम लावली.