इथे स्वामी बसले होते

एखादी जागा पवित्र का ठरते? नद्यांचा संगम, स्वयंभू पिंड, कुणा संताची समाधी, ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत. महानुभावांचं उत्तर जरा विचित्र वाटेल इतकं साधं आहे: इथे चक्रधरस्वामी बसले होते. इथे जेवले. इथे एक रात्र राहिले.

अशा जागांची गावोगावची नोंद म्हणजे 'स्थानपोथी'. चौदाव्या शतकातला हा ग्रंथ मुनिव्यास कोठी यांच्या नावावर आहे. देवळाचं तोंड कुठे, त्याच्या कोणत्या बाजूला आसन, मुक्काम किती दिवसांचा की एका रात्रीचा, हे सगळं त्यात आहे. स्वामी लघवीला बसले त्या जागाही आहेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग वाटलं, की त्या गाळायच्या कशाच्या आधारावर? जागेला स्वतःचं पावित्र्य असतं असं मानलं, तर निवड करता येते. ईश्वराचा संबंध हा एकच निकष असेल, तर निवडीला वावच उरत नाही.

यामागे एक मोठी अडचण होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधर शिष्यांना सोडून उत्तरेकडे गेले. ते वारले असं पंथ मानत नाही. म्हणजे ते आहेत, फक्त इथे नाहीत. मागे राहिलेल्यांपैकी म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना गाठून, विचारून आठवणी जमवल्या आणि रिद्धपूरला 'लीळाचरित्र' लिहिलं. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि पाठांतरावरून पुन्हा उभी करावी लागली. पोथी हरवू शकते हे या लोकांना अनुभवाने माहीत होतं.

पण जागाही हरवते. स्थानपोथीत अक्षांश-रेखांश अर्थातच नाहीत. जागा सांगायची ती एखाद्या देवळाच्या, दाराच्या, नदीच्या संदर्भाने. आमच्या धंद्यात याला सापेक्ष पत्ता म्हणतात, आणि त्याचं दुखणं आम्हाला चांगलंच ठाऊक आहे: मूळ संदर्भ हलला, की त्यावर टांगलेले सगळे पत्ते एका फटक्यात खोटे होतात. देऊळ पडलं, की 'देवळाच्या आग्नेयेला' म्हणजे कुठे? म्हणून त्या जागी ओटा बांधायचा.

आता खरी गंमत. ज्यांच्या जागा इतक्या जपल्या, त्या चक्रधरांचा अनुयायांना उपदेश होता, की कुठल्याही जागेत जीव गुंतवू नका. कानडी आणि तेलंग मुलखात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा, हे सूत्र आपण अभिमानाने सांगतो. पण महाराष्ट्रात राहायचं कसं, तर देशाच्या कडेला, झाडाखाली, कुणी ओळखणार नाही असं. घर नको, गाव नको, आप्तांचा शेजार नको. राजकीय भाषणांत हा दुसरा भाग मी अजून ऐकलेला नाही.

मग हे ओटे म्हणजे उपदेशाचा भंगच नाही का? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. आता वाटत नाही. भिक्षूने स्वामींचं नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा आठवत राहावं अशी रीत आहे, आणि रिकाम्या हवेत आठवणं कठीण असतं. स्थान त्यापुरतं हाताशी येतं. तिथे राहायचं नसतं. स्वामी जिथे बसले तिथे आता कुणी बसतही नाही. लोक ओट्याला कपाळ टेकवतात, उठतात आणि पुढच्या गावची वाट विचारतात.