दंतोत्पाटन, तारांचे उपचार आणि श्वसन

वेडेवाकडे किंवा पुढे आलेले दात तारांनी ओळीत आणताना जागा कमी पडली, तर सुळ्यामागची पहिली उपदाढ काढतात. बहुधा चारही बाजूंची. एका उपदाढेने साधारण सात मिलिमीटर जागा मिळते. अमेरिकी दंतसुधारतज्ज्ञ एडवर्ड अँगल यांचा अशा दंतोत्पाटनाला विरोध होता. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी मात्र ते पुढे रूढ केले.

दात मागे गेले की जिभेला जागा कमी पडते, ती घशाकडे सरते आणि श्वासमार्ग अरुंद होतो, असा आक्षेप आहे. तर्क चुकीचा नाही. पुढचे दात बरेच मागे घेतलेल्या प्रौढांत जिभेमागची पोकळी घटल्याचे काही अभ्यासांत दिसले. पण क्ष-किरण चित्रातली पोकळी म्हणजे श्वास नव्हे. झोपेतील श्वासरोधाचे निदान निद्रातपासणीनेच होते. अमेरिकी दंतसुधारतज्ज्ञांच्या संघटनेला 2019 साली दात काढणे आणि श्वासरोध यांत कार्यकारणसंबंध आढळला नाही.

धारणीसारख्या मेळघाटातल्या गावी प्रश्न वेगळाच. तारा दर महिना-दीड महिन्याने आवळाव्या लागतात, दीड-दोन वर्षे; त्यासाठी दर वेळी अमरावती गाठायची तर हरिसाल, सेमाडोह, घटांग असा घाटरस्ता. खेपा चुकल्या की काढलेल्या दाताची फट तशीच राहते. आणि शंका श्वासाची असेल, तर तोंड उघडे टाकून घोरणाऱ्या मुलाचे नाक व टॉन्सिल तारांआधी तपासावेत.