बॅटलझोन: खेळातल्या रणगाड्यामागे सैन्य आलं, त्याची गोष्ट



पोरं मोबाईलवर गोळीबाराचे खेळ खेळतात आणि बिघडतात, हा वाद घरोघरी चालू असतो. त्यात आज मला पडायचं नाही. त्याच्याच शेजारी एक प्रश्न आहे, तो फारसा कुणी विचारत नाही: या खेळांकडून सैन्यं काय शिकली? त्यासाठी एका रणगाड्याच्या खेळाचा इतिहास सांगतो. नाव बॅटलझोन.

१९९८ साली अॅक्टिव्हिजन कंपनीने या नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ आणला. त्या काळी लढाईचे खेळ सरळ दोन जातींचे होते. एका जातीत तुम्ही शिपाई. हातात बंदूक, समोर दिसेल त्याला गोळी. दुसऱ्या जातीत तुम्ही सेनापती. १९९२ चा ड्यून टू आणि १९९५ चा कमांड अँड कॉन्कर हे त्यातले गाजलेले. वरून नकाशा बघायचा, माल गोळा करायचा, कारखाने उभारायचे, फौज पाठवायची. बॅटलझोनवाल्यांनी या दोन्हींचं लग्न लावलं. तुम्ही जमिनीवर तरंगणाऱ्या रणगाड्यात बसून स्वतः लढता आणि तिथूनच कीबोर्डच्या आकड्यांनी बाकीच्या गाड्यांना हुकूम सोडता. भंगार गोळा करणाऱ्या गाड्या असतात, त्या भंगारातून नवे रणगाडे तयार होतात. म्हणजे गोळ्या चुकवता चुकवता भंगारवाल्यावरही लक्ष ठेवायचं! रणगाडा उडाला तरी तुम्ही उडी मारून बाहेर पडू शकता, आणि नेम चांगला असेल तर शत्रूच्या चालकाला टिपून त्याचीच गाडी पळवू शकता.

समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विक्री मात्र बेताचीच झाली. माझ्या मते कारण साधं आहे. शिपाई आणि सेनापती ही दोन्ही कामं एकाच डोक्याने एकाच वेळी करणं दमवणारं असतं. आपल्या गावच्या सरपंचाला विचारा.

कथानक असं, की साठच्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत रशियाची अंतराळ शर्यत हा नुसता देखावा होता. खरी लढाई चंद्रावर, मंगळावर, शुक्रावर गुपचूप चालू होती, तीही उल्कांमधून सापडलेल्या एका अजब धातूसाठी. धातू अर्थातच काल्पनिक. पण बाकीचं किती काल्पनिक? १९५९ साली अमेरिकी लष्कराने ‘प्रोजेक्ट होरायझन’ नावाचा खराखुरा आराखडा केला होता. १९६६ च्या अखेरीस चंद्रावर बारा माणसांचं लष्करी ठाणं, आणि ते उभारायला दीडशेच्या आसपास रॉकेटं. तो कागदावरच राहिला. १९६७ मध्ये अंतराळ करार झाला आणि चंद्र व इतर ग्रहांवर लष्करी तळ, शस्त्रांच्या चाचण्या, कवायती या सगळ्याला मनाई आली. भारतही या करारात आहे. पण पळवाट बघा. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत कराराने बंदी घातली ती फक्त अण्वस्त्रांसारख्या महासंहारक शस्त्रांवर. रशियाने १९७४ मध्ये सोडलेल्या सॅल्युत-३ या स्थानकावर चक्क तोफ बसवलेली होती, आणि जानेवारी १९७५ मध्ये, आत माणूस नसताना, ती डागूनही पाहिली.

आता मागे जाऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. बॅटलझोन हे नाव १९९८ चं नव्हेच. ते १९८० सालचं, अटारी कंपनीचं. तेव्हा खेळ म्हणजे दुकानात उभं असलेलं कपाटाएवढं यंत्र, नाणं टाकायचं आणि खेळायचं. एड रॉटबर्ग या अभियंत्याने केलेल्या या खेळात काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचे डोंगर आणि रेघांचेच रणगाडे दिसत. दोन्ही हातांत दोन दांडे, डोळे पेरिस्कोपसारख्या खाचेला लावलेले. आपल्या नगरकरांना रणगाडा नवा नाही. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथेच आहे आणि १९९४ पासून संग्रहालयही. रणगाड्याच्या आत बसणाऱ्याला बाहेरचं जग किती चिंचोळं दिसतं, याचा अंदाज तिथे येतो. रॉटबर्गने नेमकं तेच पकडलं होतं. पाठीमागच्या डोंगरातल्या ज्वालामुखीतून दगड उडावेत म्हणून एक सहकारी त्याच्या इतका मागे लागला, की शेवटी तो कोड त्यानेच लिहून दिला.

खेळ गाजला, आणि त्याच वर्षाअखेरीस अमेरिकी लष्कराशी संबंध असलेली मंडळी अटारीच्या दारात आली. ब्रॅडली या नव्या चिलखती गाडीच्या गनरना नेमबाजी शिकवायला असंच यंत्र करून द्या म्हणाली. रॉटबर्गने विरोध केला. व्हिएतनाम युद्ध संपून पाच-सहा वर्षंच झाली होती. त्याचं म्हणणं, लष्कराचंच काम करायचं असतं तर आम्हाला दुसरीकडे नोकऱ्या मिळत होत्या की. कंपनीने ऐकलं नाही. शेवटी एका अटीवर तो तयार झाला: पुन्हा लष्करी काम सांगायचं नाही. मग जवळपास तीन महिने रात्रंदिवस खपून मार्च १९८१ च्या प्रात्यक्षिकासाठी त्याने ‘ब्रॅडली ट्रेनर’ तयार केला.

यात गाडी हलत नाही, फक्त गनरचं काम. गोळ्याची खरी झेप, अंतराचा हिशेब, हेलिकॉप्टरं. आणि मूळ खेळात नसलेली एक गोष्ट: पडद्यावर आपल्या बाजूचीही वाहनं. समोर आला तो शत्रूच, हे मूळ खेळात गृहीत होतं. सैन्याला ते चालणार नव्हतं.

यंत्रं फक्त दोन बनली. पुढे मोठी मागणी आलीच नाही. त्याच्यासाठी घडवलेली हाताची मूठ मात्र कामाला आली, १९८३ च्या स्टार वॉर्स खेळात तीच बसवली. रॉटबर्ग १९८१ मध्येच अटारी सोडून गेला.

त्यानंतर सैन्याला कुणाच्या दारात जायची गरज उरली नाही. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाने बाजारातला डूम टू घेऊन आपल्या सरावासाठी बदलला. २००२ मध्ये त्यांच्या लष्कराने ‘अमेरिकाज आर्मी’ हा स्वतःचाच खेळ काढून फुकट वाटला. उद्देश लपवलेला नव्हता, भरती. तो वीस वर्षं चालला, २०२२ मध्ये बंद झाला.

आणि त्याच २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचं आक्रमण सुरू झालं. तिथे आता ड्रोन चालवणारे डोळ्यांवर चष्मा चढवून, हातात खेळासारखाच रिमोट घेऊन खऱ्या रणगाड्यांवर धडकतात. तिथल्या सरकारने ड्रोन पथकांसाठी गुणांची पद्धतही आणली आहे. मारा झाल्याचा व्हिडिओ द्यायचा, गुण मिळवायचे, त्या गुणांवर पथकासाठी नवे ड्रोन घ्यायचे. गुण फक्त गाडी फोडल्याचेच मिळतात असं नाही, माणूस टिपल्याचेही मिळतात.