मागे राहिलेल्यांची चित्रे

भिक्षूने घर सोडावे आणि सोडलेल्या घराकडे मन वळू देऊ नये, ही बौद्ध संघाची शिकवण. अशा भिक्षूंच्या निवासासाठी वाघूर नदीच्या काठी अजिंठ्याचे सोळावे व सतरावे लेणे खोदले गेले. काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. राज्य वाकाटक नृपती हरिषेणाचे. तेथील भिंतींवर वैराग्याचा महिमा असावा हे ओघानेच आले, आणि तो आहेही. परंतु चित्रकारांचा कुंचला अधिक रेंगाळला आहे तो मागे राहिलेल्या माणसांपाशी.

सोळाव्या लेण्यात नंदाची कथा आहे. हा बुद्धाचा सावत्र भाऊ. पत्नीला सोडून, काहीसा मनाविरुद्धच, तो भिक्षू झाला. सेवक त्याचा मुकुट तेवढा परत घेऊन येतो, आणि सुंदरी कोसळते. मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या, गात्रे शिथिल. दासी तिला मागून सावरते आहे. एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी तिला 'मरणोन्मुख राजकन्या' म्हटले. नाव चुकले, दुःख मात्र त्यांनी बरोबर ओळखले.

सतराव्या लेण्यात यशोधरा राहुलाला पित्यापुढे करते आहे. भिक्षापात्र घेतलेला बुद्ध मानवी मापाहून कितीतरी मोठा. मायलेकरे त्याच्यासमोर लहानशी. वारसा मागायला गेलेल्या त्या मुलाला वारसा मिळाला तो प्रव्रज्येचा. विनयपिटक सांगते की, आजोबा शुद्धोदन यामुळे फार व्यथित झाला, आणि आईबापांच्या संमतीवाचून मुलाला दीक्षा देऊ नये, असा नियम बुद्धाने त्याच्या विनंतीवरून घालून दिला.

हे लेणे करविणाऱ्याची हकीकतही ध्यानात घेण्याजोगी आहे. शिलालेख भंगलेला आहे. तरी एवढे कळते की, दाता एका मांडलिक राजघराण्यातला असून रविसांब नावाचा त्याचा धाकटा भाऊ अकाली वारला होता. त्या शोकातून तो दानधर्माकडे वळला. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव तर हरिषेणाचा सचिव, कारभाराच्या रगाड्यातला माणूस. त्याने ते लेणे आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ करविले. संसार सोडणाऱ्यांची घरे उभी राहिली ती अशा संसारात गुंतलेल्यांच्या द्रव्यावर.

या दानलेखांत चित्रकारांची नावे नाहीत. राहुलाला पुढे करणारा आईचा हात त्याला सोडतो आहे की धरून ठेवतो आहे, हे त्या चित्रापाशी कितीही वेळ थांबले तरी ठरवता येत नाही.