शेवटचा शब्द

मंडळी, मागच्या आठवड्यात नातीचा फोन आला. त्यांच्या शाळेच्या नाटकात यंदा प्रत्येकाला कॉलर माइक मिळणार आहे. "आता ओरडायला नको, आजी!" ती खुशीत होती. मी म्हटलं, छान. फोन ठेवला आणि मला आमच्या शाळेचं एक जुनं गॅदरिंग आठवलं. ते सांगायचं बरीच वर्षं मनात आहे. पण आधी थोडा इतिहास, कारण माझी चूक त्या इतिहासात बरोबर बसते.

शेवटच्या माणसाला ऐकू जावं कसं, हा प्रश्न नाटकाइतकाच जुना. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. माणसांसाठी मंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावा, असं त्यात माप दिलं आहे. हात दीड फुटाचा धरला तर साधारण ९६ बाय ४८ फूट. याहून मोठा बांधू नये, कारण मग नटाचं बोलणं विस्कटतं आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं कारणही तिथं सांगितलं आहे. मला याची फार मौज वाटते. ऐकू येत नाही म्हणून भरतमुनी नटाला रागवत नाहीत, मंडप लहान करायला सांगतात.

आपल्या गावोगावी मात्र असा मंडप कुठला? तमाशा उघड्यावरच व्हायचा. तिथली युक्ती वेगळी. शाहिराची ओळ मागे उभे असलेले झीलकरी उचलतात, पुन्हा म्हणतात. एकाची ओळ चौघांची होते. पहिल्यांदा निसटली तरी दुसऱ्यांदा कानावर पडते. कीर्तनातही महत्त्वाचं पद बुवा एकदाच म्हणून सोडून देत नाहीत.

सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा कथेचा भार सूत्रधारावर होता. तो पदं गाऊन गोष्ट पुढे न्यायचा आणि पात्रं त्या अनुषंगानं आयत्या वेळी भाषणं करायची. एखाद्या पात्राचं वाक्य ऐकू आलं नाही, तरी गोष्ट हातची जात नसे. पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पदं पात्रांच्याच तोंडी गेली. आता ज्याचं त्यानं पोचवायचं. भाऊराव कोल्हटकरांच्या उंच, धारदार आवाजाचा एवढा बोलबाला झाला, त्याला हेही एक कारण असावं. तेव्हा लाउडस्पीकर नव्हता.

मग १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' केलं. घरात बोलतो तसं रंगमंचावर बोलायचं, हा विचार तिथून रुजला. फार चांगलं झालं. पण ते बोलणं छपराखालच्या नाट्यगृहासाठी होतं.

आम्ही शाळावाल्यांनी काय केलं? बोलणं घेतलं नव्या नाटकाचं आणि जागा घेतली तमाशाची. उघडं पटांगण, बाकं जोडून त्यावर फळ्या, वर सतरंजी. झीलकरी नाहीत, सूत्रधार नाही. पुढे मधोमध एक माइक आणि दिव्यावर पाखरं यावीत तशी त्याच्याभोवती जमलेली मुलं.

तर १९८१ सालची गोष्ट. शिवकालावरचं नाटक मीच बसवलं होतं. सातवीतला एक मुलगा किल्लेदार झाला होता. त्याचं मुख्य वाक्य होतं, "जिवात जीव असेपर्यंत हा किल्ला मी तुमच्या हाती देणार नाही." महिनाभर मी मागच्या भिंतीशी उभी राहून एकच सांगत होते, "मोठ्यानं! अजून मोठ्यानं!" बिचारा ओरडून ओरडून दोन दिवस आधी घशानं बसला. मी त्याला ज्येष्ठमध दिलं आणि पुन्हा ओरडायला लावलं.

गॅदरिंगच्या रात्री त्यानं जोरात सुरुवात केली. "...तुमच्या हाती देणार" इथपर्यंत दम पुरला. 'नाही' तोंडातच राहिलं. मागून कोणीतरी ओरडलं, "मग दे की लवकर!" सगळं पटांगण हसलं. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेला. पुढच्या वर्षी त्यानं नाव दिलं नाही. पडद्याची दोरी ओढायचं काम मागून घेतलं. मी मनात म्हटलं, आवाजच नाही त्याला.

दोनेक वर्षांनी पाचवीचं श्रुतलेखन तपासत होते. मी सांगितलेल्या वाक्यात 'गेला नाही' होतं. शेवटच्या दोन बाकांवरच्या मुलांनी नुसतं 'गेला' लिहिलं होतं. एकानं नाही, सहा जणांनी. वाक्य संपताना माझाच आवाज पडत होता!

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही मागून. म्हणजे वाक्याचा सगळा अर्थ जिथं दम संपतो तिथं बसलेला. त्या मुलाच्या घशाला दोष नव्हता. ओरडून त्याचा दम लवकर संपत होता आणि ओरडायला मीच सांगत होते. शिवाय ओरडलं की 'आ' आणि 'ए' मोठे होतात, क-त-प तिथल्या तिथं राहतात. लांबच्याला गलका ऐकू येतो, शब्द नाही.

त्यानंतर तालमीची पद्धत बदलली. पटांगणाच्या टोकाला हापशीजवळ एका मुलीला वही घेऊन बसवायचं. ऐकू येईल तेवढंच तिनं लिहायचं. मग वही नटासमोर ठेवायची, मी काही बोलायचं नाही. शेवटच्या दोन-तीन शब्दांआधी श्वास घ्यायचा. चालताना बोलायचं नाही, फळ्या वाजतात. लोक हसले तर हसू ओसरेपर्यंत थांबायचं. आणि बारीक आवाजाच्या मुलांना झाड-दगड न करता चार-पाच जणांचे झीलकरी करायचं, गोष्टीचा महत्त्वाचा भाग त्यांच्या तोंडी द्यायचा. ही काही माझी अक्कल नव्हे. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांच्या रांगेनं गाऊन-बोलून गोष्ट पुढे नेली, तेव्हा मोठी रंगभूमीही या जुन्या वाटेवर आलीच होती.

पुढची वीसेक वर्षं नाटकं बरी झाली. पण तो मुलगा तोवर दहावी होऊन गेला होता. दोष तुझ्या आवाजाचा नव्हता, माझ्या शिकवण्याचा होता, हे त्याला सांगायचं राहून गेलं. ते राहिलंच.

असो. काल नातीचा पुन्हा फोन आला, तेव्हा म्हटलं, तुझं एक वाक्य म्हणून दाखव. तिनं म्हटलं. छान म्हटलं, पण शेवट गिळला. "माइक आहे ना, आजी!" मी म्हटलं, "अगं, माइक आहे ते मोठं करतो. तू म्हटलंच नाहीस ते तो कुठून आणणार? शेवटचा शब्द परत म्हण बघू."

तिनं म्हटला. मला इथं स्पष्ट ऐकू आला.